पंखा थांबलेला दिसतो तेव्हा

या घटनाक्रमाला घड्याळ एकच आहे, अपघात मात्र तीन.

पहिला मुंबईचा. १६ डिसेंबर २०१५, बुधवार, रात्री पावणेनऊच्या सुमारास, छत्रपती शिवाजी विमानतळ. एअर इंडियाचं हैदराबादला निघालेलं एआय-६१९, एअरबस ए-३१९ जातीचं. दुसरा अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातला, माँटगोमेरी विमानतळावरचा. ३१ डिसेंबर २०२२, शनिवार, दुपारी ३ वाजून १ मिनिटाच्या आसपास. तिसरा टेक्सासमधला, डॅलसजवळच्या एका छोट्या धावपट्टीवरचा. ३ डिसेंबर २०११, शनिवारची रात्र.

तिन्ही वेळा विमान जमिनीवर होतं. काही कोसळलं नाही, पेटलं नाही, हवामानाचा दोष नव्हता. विमानाच्या फिरत्या भागाने खालच्या माणसाला गाठलं, एवढंच. पहिल्या दोन अपघातांत विमानतळावर काम करणारं माणूस गेलं. तिसऱ्यात एक तरुण प्रवासी वाचली, पण डावा हात आणि डावा डोळा गमावून. तिन्ही डिसेंबरातले, हा निव्वळ योगायोग. पण या तिन्ही अपघातांचे शून्य क्षण एका रेषेत आणले आणि काटे उलटे फिरवत गेलं, की प्रत्येक ठिकाणी कुणीतरी ‘झालं, आटोपलं’ असं धरून चाललेलं दिसतं. आटोपलेलं काहीच नसतं.

कोल्हापूरजवळच्या हुपरीत बसून हे वाचायचं कारण साधं आहे. मुंबईत प्रवासी बहुतेक वेळा बंद पुलावरून विमानात शिरतो, त्याला इंजिन दिसतही नाही. कोल्हापूरच्या उजळाईवाडीसारख्या विमानतळावर तो पायी चालत विमानापर्यंत जातो. चांदीच्या व्यवहारासाठी हैदराबादला जाणारा हुपरीचा माणूस आणि एटीआर विमानाचा पंखा यांच्यामध्ये भिंत नसते. असतो तो फक्त एक कर्मचारी, हात आडवा धरलेला.

एक दिवस आधी

मुख्य तीन अपघात क्षणभर बाजूला ठेवू. कारण एका प्रकारच्या अपघाताची सुरुवात आदल्या दिवशीच झालेली असते, आणि तिचा आवाजही होत नाही.

बारामती, धुळे, गोंदिया इथे वैमानिक घडवले जातात ती छोटी विमानं डोळ्यांसमोर आणा. एक इंजिन, नाकावर दोन पात्यांचा पंखा. या इंजिनांना ठिणगी पुरवणारा मॅग्नेटो बॅटरीवर अवलंबून नसतो, इंजिन फिरलं की तो स्वतःच वीज तयार करतो. हवेत बॅटरी गेली तरी इंजिन चालू राहावं म्हणून ही सोय. मग तो बंद कसा करायचा? एक बारीक तार त्याला विमानाच्या धातूच्या सांगाड्याशी जोडते, आणि वीज तिकडे निघून जाते. म्हणजे इथे किल्ली ‘बंद’वर फिरवणं म्हणजे जोडणी तोडणं नव्हे, जोडणी करणं. घरातल्या बटणाच्या अगदी उलटं. ती तार कुठे तुटली, सैल झाली, तर किल्ली बंद दाखवते आणि मॅग्नेटो जिवंत राहतो.

हा दोष लपून राहतो, कारण ही इंजिनं सहसा किल्लीने बंद करत नाहीत. इंधन-हवेच्या मिश्रणाचा दांडा मागे ओढून इंधन तोडतात, इंजिन उपाशी पडून थांबतं, आणि किल्ली नंतर फिरवली जाते. तार तुटलेली असली तरी त्या संध्याकाळी कुणाला वेगळं काहीच जाणवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी विमान ढकलायला पंख्याला हात लावतो, कुणी फोटोसाठी पातं सरळ करतो. सिलिंडरात थोडं इंधन उरलेलं असेल तर एक ठिणगी पुरते. पंख्याला पूर्ण गती यावी लागत नाही, अर्धा वेढा झाला तरी हात गेलेला असतो.

म्हणून जुने शिक्षक बजावतात की प्रत्येक पंखा चालू आहे असं समजूनच त्याच्याजवळ जा. आणि दक्ष वैमानिक विमान लावताना, इंजिन मंद गतीत असताना, किल्ली क्षणभर बंदवर नेऊन बघतो. इंजिन गुदमरलं तर तार शाबूत. गुदमरलं नाही तर मेकॅनिकला बोलवायचं आणि पंख्यावर फलक लावायचा. दोन सेकंदांचं काम आहे, आणि घाईत गाळलं जातं तेही हेच.

काही तास आधी

मुंबईत डिसेंबरच्या मध्याला सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. म्हणजे एआय-६१९ निघायच्या वेळेला सूर्य मावळून अडीच तास होऊन गेलेले होते. डॅलसजवळचा प्रसंगही रात्रीचाच. तिथे एका घरी जेवण होतं, घराला लागून धावपट्टी, आणि पाहुण्यांना नाताळची रोषणाई वरून दाखवायचा बेत. विमान छोटं, हस्की नावाचं, पुढेमागे दोन आसनांचं. एका वेळी एकच पाहुणा नेता येतो, त्यामुळे बाकीचे खाली वाट बघत थांबलेले. फक्त माँटगोमेरीचा प्रसंग लख्ख दुपारचा. तेव्हा सगळा दोष अंधारावर टाकायची सोय नाही.

इथे एक आडवळण घेतो. आपल्या भागात माणसांची गाठ छोट्या विमानापेक्षा हेलिकॉप्टरशी जास्त पडते. निवडणूक आली की हायस्कूलच्या किंवा कारखान्याच्या मैदानावर चुन्याचा गोल आखला जातो, आणि हेलिकॉप्टर टेकायच्या आधी अर्धा गाव कडेला उभा असतो. टेकलं की पोरं धावतात. डोक्यावरचा मोठा पंखा सगळ्यांना दिसतो, म्हणून सगळे वाकून पळतात. शेपटीचा छोटा पंखा कुणाच्या ध्यानात येत नाही. तो उभा फिरतो, माणसाच्या उंचीला येतो आणि फिरताना जवळजवळ अदृश्य असतो. २३ एप्रिल २०२३ला केदारनाथच्या हेलिपॅडवर उत्तराखंडच्या नागरी विमान विकास प्राधिकरणाचा एक अधिकारी असाच शेपटीच्या पंख्याने गेला. मंदिराचं दार उघडायला दोन दिवस होते, आणि तो तयारीच्या पाहणीसाठीच तिथे गेला होता. रोज त्याच खात्यात वावरणारा माणूस. तिथे मैदानावरच्या पोरांची काय कथा?

एक तास आधी

उड्डाणाच्या तासभर आधी विमानाभोवती एक गाव उभं राहतं. सामान चढवणारे, इंधनवाले, जेवणाची गाडी, सफाईवाले, पाण्याची आणि मैल्याची वेगवेगळी गाडी, आणि या सगळ्यांत इंजिनिअरिंगची माणसं. प्रत्येकाचं काम वेगळं, साहेब वेगळा, बहुतेकदा कंपनीसुद्धा वेगळी. विमान उशिरा आलं असेल तर हे सगळं गाव धावत असतं.

इंजिन बंद असताना ही जागा बसस्थानकाइतकीच निरुपद्रवी असते. माणूस इंजिनाच्या तोंडाखालून जातो-येतो, पाऊस आला तर पंखाखाली उभा राहतो. दिवसातून दहा वेळा त्याच वाटेने गेलेल्या पायांना अकराव्या वेळी तीच वाट बंद आहे हे सांगणारी एकच खूण असते, विमानाच्या पाठीवर आणि पोटाखाली लुकलुकणारा लाल दिवा. तो चालू म्हणजे इंजिन चालू आहे किंवा चालू होणार आहे, जवळ यायचं नाही. नियम जगभर सारखा. पण तो दिवा माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत नसतो, आणि विमानतळावर दिव्यांना काय तोटा? ट्रॅक्टरवर दिवा, जीपवर दिवा, शेजारच्या विमानावर दिवा.

दहा मिनिटे आधी

माँटगोमेरीत विमान जागेवर यायच्या सुमारे दहा मिनिटे आधी जमिनीवरचा चमू एकत्र जमला. डॅलसहून येणाऱ्या एम्ब्रेअर १७५ विमानाच्या शेपटीतलं छोटं इंजिन, विमानतळावरच्यांच्या बोलीत एपीयू, नादुरुस्त होतं. एरवी विमान थांबलं की वैमानिक मोठी इंजिनं लगेच बंद करतात, कारण दिवे आणि वातानुकूलन एपीयू सांभाळतो. आज तसं होणार नव्हतं. बाहेरून विजेची जाड केबल जोडली जाईपर्यंत इंजिन चालूच राहणार होतं. हे सगळ्यांना सांगण्यात आलं. विमान यायच्या अगदी तोंडावर चमू पुन्हा एकदा जमला आणि तेच पुन्हा सांगण्यात आलं: इंजिन बंद होऊन पंखा थांबेपर्यंत आणि लाल दिवा विझेपर्यंत विमानाजवळ जायचं नाही, सुरक्षेचे शंकू मांडायचे नाहीत.

दहा मिनिटांत दोनदा. नियमाबद्दल याहून जास्त कुणी काय करणार, असं वाटतं खरं. तरीही मला या दोन बैठकांत एक पोकळ जागा दिसते. त्यांत ‘काय करायचं नाही’ ते सांगितलं गेलं. पण अंगवळणी पडलेलं काम ‘नाही’ने थांबत नाही. विमान आलं की शंकू उचलायचा आणि चालू लागायचं, हे शेकडो वेळा केलेल्या हाताला आजचा दिवस वेगळा आहे हे बोलून कळत नाही. शंकूच आज दुसऱ्या कुणाच्या ताब्यात असते तर? हे मागाहून सुचलेलं शहाणपण आहे, मान्य. पण चौकशी अहवाल असल्याच शहाणपणासाठी लिहितात.

पाच मिनिटे आधी

मुंबई. दारं बंद, पूल बाजूला. विमानाला स्वतःहून मागे जाता येत नाही, म्हणून नाकाच्या चाकाला लांब लोखंडी दांडा लावून ट्रॅक्टर त्याला मागे ढकलतो. या वेळी एक तंत्रज्ञ कानांवर हेडसेट चढवून नाकाबरोबर चालतो. हेडसेटची वायर विमानाच्या पोटातल्या खोबणीत असते. तिच्या एका टोकाला वैमानिक, दुसऱ्या टोकाला हा. ढकला, थांबा, ब्रेक लावला, इंजिन सुरू करतो, सगळं या वायरीवरून बोललं जातं. ढकलत असतानाच इंजिनं सुरू होतात.

या हेडसेटची गंमत अशी की तो कान वाचवण्यासाठीच बनवलेला असतो. इंजिनाचा आवाज बाहेर ठेवायचा आणि वैमानिकाचा आत आणायचा. म्हणजे जमिनीवरच्या ज्या माणसाला इंजिन सर्वांत जवळ असतं, त्यालाच ते सर्वांत कमी ऐकू येतं.

१९३२ साली जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, त्या काळची विमानं हाताने पंखा फिरवून सुरू करायची. पंख्यासमोर उभा असलेला मदतनीस ओरडून विचारायचा, स्विच बंद? आत बसलेला वैमानिक तेच शब्द परत उच्चारायचा. मग पंखा जागेवर आणायचा, बाजूला व्हायचं आणि ‘कॉन्टॅक्ट’ म्हणायचं. वैमानिक आधी ‘कॉन्टॅक्ट’ म्हणून उलट साद घालणार, मगच स्विच चालू करणार. समोरून साद आली नाही तर काहीच हलायचं नाही. आज पोरखेळ वाटावा असा तो संवाद होता, पण दोघांपैकी एकालाही एकट्याने काही ठरवता येत नव्हतं. वायर आहे तोवर मुंबईच्या तंत्रज्ञालाही ती सोय होती. ढकलणं झालं की वायर काढावी लागते.

दोन मिनिटे आधी

माँटगोमेरीत विमान जागेवर येऊन थांबलं. आत ५९ प्रवासी आणि ४ कर्मचारी. इंजिनं लगेच बंद करता येत नव्हती, गरम इंजिनाला दोन मिनिटे मंद गतीत निवू द्यावं लागतं. तीन कर्मचारी दूर, सुरक्षित अंतरावर उभे होते. कॅप्टनने हाताने खूण केली की बाहेरची वीज जोडा.

मग त्याने उजवं इंजिन बंद करायला घेतलं, आणि समोरच्या पडद्यावर संदेश उमटला की सामानाचा पुढचा दरवाजा उघडा आहे. म्हणजे कुणीतरी आधीच विमानापर्यंत आलं होतं. सहवैमानिकाने बाजूची काच सरकवून खालच्या कर्मचाऱ्याला सांगितलं की इंजिनं अजून चालू आहेत. तेव्हा धोक्याची जाणीव कॉकपिटला झाली होती, आणि ज्याला सांगितलं त्यालाही. ती तिसऱ्या माणसापर्यंत गेली नाही.

एक इंजिन बंद झालं की त्याचा आवाज उतरत जातो. कुणी लांबून ऐकलं तर ‘बंद झालं’ असंच वाटेल. हुपरीत पॉलिशच्या मोटरीवर काम करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको: बटण बंद केलं तरी चाक फिरत राहतं, आणि बोटं जातात ती याच उतरत्या फिरण्यात. विमानाच्या इंजिनाला थांबायला अर्धा ते एक मिनिट लागतं. माँटगोमेरीत तर डावं इंजिन उतरायलाही लागलं नव्हतं. कॅप्टनने सहवैमानिकाला सांगितलं की वीज जोडली जाईपर्यंत डावं चालूच ठेवू. प्रवाशांना सांगितलं की बसून राहा.

एक मिनिट आधी

डॅलसजवळ विमान रोषणाई दाखवून उतरलं. पुढचा पाहुणा लगेच न्यायचा म्हणून वैमानिकाने इंजिन चालू ठेवलं.

इथे थोडं थांबू, कारण छोट्या विमानांच्या बहुतेक पंखा-अपघातांचं मूळ याच वाक्यात असतं. इंजिन बंद करून परत सुरू करायला मिनिट-दोन मिनिटं जातात. तेवढ्यासाठी माणसं चालू पंख्याजवळून चढतात, उतरतात. मंद गतीत असा पंखा मिनिटाला सातशेच्या आसपास फेरे घेतो. पावणेदोन-दोन मीटर लांबीच्या पंख्याची टोकं तेव्हाही ताशी अडीचशे किलोमीटरच्या घरात धावत असतात, आणि दोन पाती मिळून एका जागेवरून सेकंदाला वीसहून अधिक वेळा जातात. डोळ्याला इतकं वेगळं काढता येत नाही. दिवसा धुरकट चकती दिसते, आणि पलीकडचं सगळं तिच्यातून स्वच्छ दिसतं. रात्री चकतीही दिसत नाही. म्हणून पात्यांची टोकं पिवळी-पांढरी रंगवतात. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने १९८३ साली फिरत्या पंख्यांच्या धोक्यावर एक वेगळं परिपत्रकच काढलं होतं.

वैमानिकाने दार उघडलं. प्रवासी उतरू लागली तसा तो आसनातून पुरता बाहेर झुकला, उजवा हात तिच्यापुढे आडवा धरला आणि सांगितलं की विमानाच्या मागून जा. ती पंखाला आधार देणाऱ्या तिरक्या दांड्याच्या पलीकडे गेली, नाकापासून दूर चालल्यासारखी दिसली. तेव्हा त्याने हात खाली घेतला, तो पुन्हा नीट बसला, डावीकडे वळला आणि त्या बाजूची खिडकी उघडून पुढे कोण येतंय ते विचारू लागला.

हे सगळं त्यानेच चौकशीत सांगितलं. तो बेफिकीर नव्हता. धोका त्याला ठाऊक होता, त्याने हात धरला, तोंडाने सांगितलं, डोळ्यांनी बघितलं. मग ‘गेली’ असं मानून नजर काढून घेतली. इंजिन मात्र चालूच होतं.

तीस सेकंद आधी

मुंबईत आता ज्या पायऱ्या असतात त्या अशा. वैमानिक ब्रेक लावल्याचं सांगतो. दांडा सुटतो. नाकाच्या चाकाचं सुकाणू ट्रॅक्टरसाठी मोकळं करणारी पिन निघते. तिला लाल फीत असते. वायर निघते. तंत्रज्ञ बाजूला, वैमानिकाला दिसेल अशा जागी जातो, लाल फितीची पिन हात उंचावून दाखवतो, अंगठा वर करतो. वैमानिक खुणेनेच पोच देतो. त्यानंतरच विमान स्वतःच्या बळावर हलायचं. जुहूच्या ‘कॉन्टॅक्ट’ची साद-प्रतिसादाची रीत इथे हातांच्या खुणांत आलेली असते, पण आता दोघांमध्ये अंधार, काच आणि दिव्यांची चमक असते.

त्या रात्री या साखळीत गफलत झाली. त्या वेळी अधिकाऱ्यांच्या हवाल्याने आलेल्या बातम्या सांगतात की सहवैमानिकाने खुणेचा अर्थ चुकीचा घेतला. तंत्रज्ञ विमानाच्या नाकाजवळ होता, कानांवर हेडसेट, पाठ इंजिनाकडे. कॉकपिटच्या लेखी खालचं काम आटोपलं होतं. खाली ते चालू होतं.

ए-३१९च्या कॉकपिटमधून स्वतःच्या इंजिनाचं तोंड वैमानिकाला दिसत नाही. ते त्याच्या मागे, खाली असतं. त्याला दिसतं ते समोरचं काँक्रीट. ते रिकामं असेल तर मोकळं आहे असं वाटतं.

शून्य

जेट इंजिन माणसाला पंख्यासारखं कापायला जात नाही, ओढून घेतं. माँटगोमेरीतल्या कर्मचाऱ्यांच्या पुस्तिकेत इंजिनाच्या तोंडापुढचे १५ फूट निषिद्ध म्हणून दिलेले होते. साध्या चालीने ते अंतर तीन-चार सेकंदांचं. त्याच्या आत पाय टेकवून उभं राहणं माणसाच्या हातात राहत नाही.

मुंबईत विमान हललं आणि पाठमोरा तंत्रज्ञ इंजिनात ओढला गेला.

माँटगोमेरीत एका कर्मचाऱ्याला इंजिनाच्या झोताने जवळजवळ पाडलं होतं. तो मागे सरत असताना सहकारी बाई हातात नारिंगी शंकू घेऊन विमानाजवळ जाताना त्याला दिसली. त्याने ओरडून, हात हलवून सांगायचा प्रयत्न केला. विमानतळावरच्या कॅमेऱ्यात दिसतं की ती डाव्या पंखाच्या पुढच्या कडेने चालत सरळ चालू इंजिनासमोर आली. कॉकपिटमध्ये इशाऱ्याचा दिवा लागला, विमान जोरात हादरलं, इंजिन आपोआप बंद पडलं. काय झालं ते कॅप्टनला कळलं नाही. बॅटरी बंद करून तो बघायला बाहेर गेला. लाल दिवा शेवटपर्यंत चालू होता.

डॅलसजवळ वैमानिकाला ‘थांबा, थांबा’ असा ओरडा ऐकू आला. त्याने तत्क्षणी इंजिन बंद केलं. मग समोर बघितलं तर ती विमानापुढे पडलेली होती.

नंतरचे तास

मुंबईतलं उड्डाण तिथेच संपलं. एअर इंडियाने दोन्ही वैमानिकांना चौकशी होईपर्यंत कामावरून दूर ठेवलं. तेव्हाचे अध्यक्ष अश्वनी लोहानी यांनी खेद व्यक्त केला, आणि चौकशी सुरू झाली. दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत ‘इंजिनात ओढला गेला’ एवढंच होतं, आणि वाचणाऱ्याला वाटावं की इंजिनात काहीतरी बिघाड झाला असेल. इंजिन चोख चाललं होतं.

माँटगोमेरीच्या प्रकरणात अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने पुढच्या वर्षी जून महिन्यात त्या बाईला कामावर ठेवणाऱ्या पिडमाँट कंपनीला दंड सुचवला: १५,६२५ डॉलर. एका माणसाच्या मागे एवढाच, म्हणून तेव्हा ओरड झाली. तशा प्रकारच्या उल्लंघनाला कायद्यात मुळात कमाल मर्यादाच तेवढी होती. रकमेपेक्षा मला दुसरी गोष्ट खटकते. चौकशीच्या कागदांत दोन बैठकांची नोंद आहे, आणि अशी नोंद असली की ‘सांगितलं होतं’ हा बचाव आयता तयार असतो.

उजळाईवाडी, पुढची फेरी

कोल्हापूरचा विमानतळ संस्थानी काळातला, १९३९चा. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीच्या अंगाला. मधली बरीच वर्षं तो नावापुरताच होता. ‘उडान’ योजनेनंतर, २०१८पासून, नियमित विमानं यायला लागली. अलायन्स एअर, ट्रूजेट, इंडिगो यांची एटीआर विमानं इथल्या लोकांच्या परिचयाची झाली. मोठा पंखा प्रत्येक बाजूला एक, सहा पात्यांचा, जवळजवळ चार मीटर व्यासाचा.

या विमानात प्रवाशाने चढायचं ते मागच्या डाव्या दाराने. पुढचं दार सामानाचं. म्हणजे प्रवाशाची वाट शेपटीकडून आहे, पंख्याला वळसा घालून. तरीही उतरल्यावर पुढे जाऊन कॉकपिटसह फोटो काढायची हौस कित्येकांना आवरत नाही, आणि कर्मचाऱ्याने अडवलं की ‘विमान बंद आहे की’ असं उत्तर येतं.

एटीआरच्या बाबतीत हे उत्तर विशेष फसवं आहे. या विमानाच्या शेपटीत वेगळा एपीयू नसतो. त्याऐवजी उजव्या इंजिनाच्या पंख्याला ब्रेक लावून इंजिन चालू ठेवता येतं. पंखा गच्च थांबलेला, इंजिन मात्र आत घोंगावतंय, मागून गरम झोत. बघणाऱ्याला थांबलेला पंखा दिसतो आणि तो निर्धास्त होतो. याच्या उलटही घडतं. इंजिन पूर्ण बंद, पण वारा सुटला की पंखा आपला आपण फिरू लागतो, कारण या इंजिनाच्या रचनेत पंखा आतल्या मुख्य भागाशी घट्ट बांधलेला नसतो. म्हणून उभ्या विमानाच्या पात्यांना पट्टे बांधतात.

म्हणजे आवाजावरून कळत नाही, फिरण्यावरून कळत नाही, आणि मॅग्नेटोवाल्या छोट्या विमानात किल्लीवरूनही कळत नाही. प्रवाशाने हे ओळखायच्या फंदात पडूच नये. लहान मुलाचा हात धरायचा, टोपी आणि ओढणी आवरायची, फोन खिशात ठेवायचा. काही उडून गेलं तर त्याच्यामागे धावायचं नाही, टोपी परत मिळते. आखलेल्या रेषेतून मागच्या दाराकडे जायचं आणि हात आडवा धरलेला माणूस सांगेल त्या बाजूनेच वळायचं. आणि जो तो हात धरून उभा आहे, त्याने शेवटचा प्रवासी जिना चढेपर्यंत तो खाली घेऊ नये.